रोज खिशात आणि ट्रेकला कोणता चाकू ठेवावा? बजेट तीन हजार

तुम्ही प्रश्नात ज्याचं वर्णन केलंय आणि जो कायद्यात बसतो का असंही विचारलंय तो चाकू, म्हणजे दहा इंची पातं, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत काड्या आणि गळ, टोपणावर होकायंत्र, तो घेऊ नका. एवढं वाचून उठलात तरी तुमचं काम झालं. पुढचं मी बरंचसं माझ्यासाठीच लिहितोय.

तसलाच चाकू आमच्या दाजींकडे होता. आणि दाजींच्यापायी माझ्या उजव्या तर्जनीला चार टाके पडले, तेही माझ्याच चाकूने. घरात मात्र ही गोष्ट बरोब्बर उलटी सांगितली जाते. कुणाचं लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की दाजी पान जुळवत सुरू करतात, "याच्याकडे एक खेळण्यातला चाकू आहे बघा, त्याने फक्त मालकाचं बोट कापतं." सगळे हसतात. ताईसुद्धा.

माझा धंदा हीट ट्रीटमेंटचा, म्हणजे पोलाद तापवून, बुडवून कडक करायचा. त्यालाच पाणी देणं म्हणतात. भोसरीत बावीस वर्षं भट्टीसमोर काढलीत. रोज कुणाचा तरी पंच, कुणाची डाय, कुणाचं शिअर ब्लेड माझ्या हातून पाणी पिऊन जातं. त्यामुळे धारेबद्दल मला कुणी शिकवलं की डोकं फिरतं, हे आधीच सांगतो.

तर २०११ चा डिसेंबर. मी, दाजी आणि त्यांच्या ऑफिसातले दोघे, पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर. मुक्काम देवळाजवळच्या गुहेत. माझ्या खिशात लाल मुठीचा स्विस चाकू, मिटलेला ९१ मिलिमीटर भरणारा, पातं जेमतेम पावणेतीन इंच. दाजींच्या कमरेला ते दहा इंची प्रकरण, चामड्याच्या म्यानात, मांडीला दोरीने बांधलेलं. वाटेत एक म्हातारबाबा गुरं घेऊन चालले होते. त्यांनी विचारलं, "पाव्हणं, शिकारीला का?" दाजी खूश.

संध्याकाळी चूल पेटवायची होती. लाकडं आम्ही गावातूनच विकत घेऊन वर आणली होती, पण जाडजूड. दाजींनी टीव्हीवर पाहिलेलं, की ओंडका उभा करायचा, त्यावर चाकू आडवा ठेवायचा आणि पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. पहिला ठोका, दुसरा ठोका. तिसऱ्याला मूठ दाजींच्या हातात आणि पातं लाकडात. मी ते पातं उपसून पाहिलं. मुठीत जाणारी शेपटी माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान होती आणि एका नटवर आवळलेली होती. सगळा जोर येतो नेमका त्याच सांध्यावर, आणि तिथे लोखंडच नाही. मूठ पोकळ ठेवायची तर शेपटी जाणार कुठे? आत होकायंत्र आणि काड्या भरल्या की पोलाद भरायला जागा राहत नाही, यात स्टीलचा दर्जा वगैरे पुढची गोष्ट.

मग खिचडी झाली. बुडाला लागली. दाजींना खरवड जीव की प्राण. मी टाक्यावर पाणी आणायला गेलो होतो, चाकू चुलीपाशी राहिला होता. परत येतो तर दाजी माझ्या चाकूने अ‍ॅल्युमिनियमचा टोप खरवडतायत. धारेने. पातं उभं धरून, आडवं ओढत. तो करकर आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो. "अहो दाजी, चमचा घ्या की," म्हणालो. "चमच्याने नीट निघत नाही रे." थोरल्या बहिणीचा नवरा, त्यात ऑफिसातली माणसं समोर. गप्प बसलो. इथे माझी चूक झाली, हे मान्य.

सकाळी थंडी अशी की बोटं लाकडासारखी. ताडपत्रीच्या नायलॉन दोरीची गाठ आवळून बसलेली. दोरी कापावी म्हणून चाकू लावला तर चालेना, नुसता घसरायला लागला. आदल्या दिवशी हाच चाकू कांदा कागदासारखा कापत होता. मग मी टोक गाठीत खुपसलं आणि पीळ देऊन पाहिलं. पातं अडकलं. बाहेर काढायला हिसका दिला तो उलट्या बाजूने, पाठीवर जोर आला आणि पातं मिटलं. या स्विस चाकूला लॉक नसतो, पातं फक्त पाठच्या स्प्रिंगवर उभं राहतं. तर्जनीवर बसलं. रुमाल बांधून दोन-अडीच तासांची उतरण आणि राजूरला जाऊन चार टाके.

आता दाजींचा सवाल, आणि तो आजवर माझ्या घरच्यांना बिनतोड वाटत आलाय: "तू म्हणतोस मी धार घालवली. धार गेली होती तर बोट कसं कापलं?"

याचं उत्तर मी सोमवारीच काढलं होतं. क्वालिटीत एक मित्र होता, त्याच्याकडे टूलमेकर्स मायक्रोस्कोप. चाकू तसाच, न पुसता, त्याखाली ठेवला. टोकाकडून साधारण चाळीस मिलिमीटरपर्यंत धार एका बाजूला वळलेली. तुटलेली नव्हती, वळलेली, चपातीची कड दुमडावी तशी, आणि त्या दुमडीत अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी लेप. त्यामागे मुठीपाशी जो बोटभर भाग राहतो तो साफ, जसा मी लावला होता तसा. साहजिकच आहे. टोपाच्या बुडाशी पुढचा भाग टेकतो, मुठीजवळचा टेकत नाही. आणि पातं मिटतं तेव्हा तर्जनीवर कुठला भाग येतो? बिजागरीजवळचा. म्हणजे दोरीला लागला तो दाजींनी मारलेला भाग आणि बोटाला लागला तो शाबूत राहिलेला. मी कागदावर आकृती काढून दाखवली. दाजी म्हणाले, "कारखान्यात यासाठी पगार देतात का तुला?"

असो. तुमचा प्रश्न.

पात्याच्या लांबीचं वेड सोडा. आठवडाभर आपण चाकूने काय कापतो ते आठवून बघा. पार्सलची टेप, दुधाची पिशवी, पेरू, दोरी, केबल टाय. यातल्या कशाला तीन इंचांच्या वर पातं लागतं? ट्रेकला त्यात कांदे-बटाटे आणि फाटलेल्या बुटाचा तळवा बांधायची पट्टी एवढीच भर. पातं पातळ हवं. जाड पातं लाकूड फोडतं, टोमॅटो चिरडतं, आणि लाकूड फोडायचं काम तुमचं नाहीच.

लाकडाचं काम कोयतीचं. आमच्या गावी, संगमेश्वराकडे, वडिलांची कोयती अजून आहे. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहाराने ओढलेली. त्याने पाणी दिलं ते फक्त धारेला, पाठ मऊ ठेवली, म्हणून ती कितीही ठोका, तुटत नाही. कमरेच्या आकडीला अडकवून वडील कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायला जायचे आणि येताना त्याच कोयतीने शहाळं सोलायचे. त्या लोहाराला रॉकवेलचा, म्हणजे कडकपणा मोजायचा, आकडा माहीत नव्हता, पण पाण्यात बुडवायच्या आधी लोखंडाचा लाल रंग तो ज्या नजरेने बघायचा, ती नजर आमच्या कंट्रोल पॅनलला नाही. पण ती कोयती गावी शोभते. पुण्यात कोयता गँगची प्रकरणं वाढली त्या काळात मी बागेसाठी एक साधा कोयता घ्यायला गेलो, तर दुकानदाराने आधी आधार कार्ड मागितलं. घरी नेताना दुचाकीवर तो पिशवीत ठेवू, डिकीत ठेवू की सीटखाली, या विचारात घाम फुटला. शेवटी रिक्षाने आलो.

स्टीलबद्दल थोडं. पात्यावर नुसतं "४४०" लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. ४४० ए, बी, सी अशा तीन जाती आहेत. ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२०. कार्बन जास्त तसं पोलाद जास्त कडक करता येतं. म्हणजे नाव एक, माल वेगळा. स्वस्त चाकूंवर बहुतेकदा अक्षर गायब असतं, आणि आत त्याहून हलक्या जातीचं ४२० निघालं तर ग्रेडच्या नावातच तक्रार लिहिलेली आहे. पण खरं सांगू? चांगल्या स्टीलला वाईट पाणी दिलं की ते पत्रा होतं, आणि साध्या स्टीलला नीट पाणी दिलं की पिढ्या काढतं. स्विस चाकूचं पोलाद काही भारी नाही. साधारण ५६ रॉकवेलला ठेवतात, म्हणजे धार फार टिकत नाही, पण दगडावर पाच मिनिटांत परत येते आणि टवका उडत नाही. ६२-६३ चा महागडा चाकू घेऊन तुम्हाला धार लावता येत नसेल तर सहा महिन्यांनी तो बटर लावायला उरतो.

सह्याद्रीत चार महिने पाऊस, म्हणून स्टेनलेसच घ्या. फ्रेंच ओपिनेल, ८ नंबर, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, मला फार आवडतो. पण त्यात साध्या कार्बन पोलादाचाही येतो आणि हौशी लोक तोच घ्या म्हणतात. मी घेतला, जुलैत राजमाचीला नेला. दुसऱ्या दिवशी पात्यावर गंज आणि लाकडी मूठ पाणी पिऊन अशी फुगली की पातं बाहेरच येईना. नखं तुटली. नंतर स्टेनलेसवाला घेतला, मूठ फुगू नये म्हणून तिला जवसाचं तेल पाजलं. स्वीडनचा मोराही चांगला, मिटणारा नाही, मूठ प्लॅस्टिकची, फारसा महाग नाही. पण तो कमरेला लावून शहरात फिरू नका.

धारेसाठी एक हजार ग्रिटचा, म्हणजे मध्यम बारीक दाण्याचा, पाण्याचा दगड आणि जुना चामडी पट्टा पुरतो. पातं दगडावर काटकोनात उभं करा, तो कोन निम्मा करा, परत निम्मा करा. झाला बावीस अंशांच्या आसपास. तोच शेवटपर्यंत धरायचा. दोन चाकांमधून ओढायची ती यंत्रं धार लावत नाहीत, कातडं सोलतात. आणि सायकलवर दगड फिरवत येणाऱ्याकडे चांगला चाकू देऊ नका. बिचाऱ्याचा दोष नाही, पण कोरड्या दगडावर ठिणग्या उडाल्या आणि धार निळी पडली की पाणी उतरलं समजा. ते परत द्यायला भट्टीच लागते, आणि एका चाकूसाठी भट्टी कुणी पेटवत नाही. मी तर नाहीच.

कायद्याचं विचारलंत म्हणून. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, कारखाना यांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. तुमचं दहा इंची "सर्व्हायव्हल" यातल्या कशासाठी बनवलंय ते नाकाबंदीवरच्या हवालदाराला तुम्ही समजावून सांगा. शिवाय सण, निवडणुका, मोर्चे आले की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा लहान चाकूही घरी ठेवलेला बरा. विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.

आणि हे मला फार उशिरा कळलं: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत चाकू हा शब्द सरळ लिहिलेला आहे. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वासोटा येतो, भीमाशंकर येतं. म्हणजे त्या दिवशी दाजीही चुकले होते आणि मीही. तेव्हा अशा ठिकाणी जाताना आधी वनखात्याच्या चौकीवर विचारा. तिथे जेवण गावात सांगता येतं, कापायला काही लागतच नाही.

राहिलं एक. लॉक असता तर माझं बोट कापलं नसतं, हे खरं आहे. ओपिनेलला १९५५ पासून फिरवायची कडी आहे, ती आवळली की पातं मिटत नाही. म्हणून ट्रेकला आता सॅकमध्ये तोच असतो, खिशात स्विसच. हे मी दाजींना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर "म्हणजे चाकूच चुकीचा होता" एवढंच त्यांना ऐकू येईल, आणि टोप बाजूला राहील.

तो स्विस चाकू अजून आहे. ती वळलेली धार काढताना पुढचं पातं मिलिमीटरभर अरुंद झालं, उजेडात धरलं की कळतं. येत्या दिवाळीत दाजी आमच्याकडे येणार आहेत. भिंग शोधून ठेवलंय.