मुंबईत पाहुणे जेवायला न्यायचेत? आधी घड्याळ बघा

रविवारी गावाहून नऊजण येणार, त्यात दोन म्हातारी माणसं, मावशी पक्क्या शाकाहारी, आणि सगळ्यांना ‘मुंबईतलं काहीतरी वेगळं’ खायचंय. त्यांना जेवायला कुठे न्यावं, हा तुमचा प्रश्न वाचला आणि मला आमचे सासरे आठवले.

आम्हीही नऊच होतो. फोर्टातलं एक जुनं हॉटेल ठरवलं. टेबल राखून देणाऱ्या एका ॲपवर ‘रविवार, दुपारी साडेतीन, कन्फर्म’ असं हिरव्या अक्षरांत आलं, नऊशे रुपये आगाऊ कापले गेले. मी हॉटेलात फोनच केला नाही. घोडचूक ती हीच. पोचलो तर शटर अर्ध्यावर, खुर्च्या टेबलांवर उलट्या, पोऱ्या फरशी पुसतोय. “जेवण तीनलाच संपलं. ॲपबिप आपल्याकडे नाय.” सासरे मधुमेहाची गोळी घेऊन निघालेले. रविवारी फोर्ट म्हणजे निम्म्याला कुलूप. शेवटी स्टेशनवरचा वडापाव. ॲपवाल्यांना तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा तेच उत्तर, ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’. अहो, अभिप्राय कसला, पैसे द्या! ते अजून यायचेत.

तेव्हा हॉटेलातच फोन लावा. ‘किती वाजेपर्यंत उघडं?’ असं विचारू नका, ‘शेवटची ऑर्डर कधी घेता?’ असं विचारा. जुन्या पारशी हॉटेलांत आणि मालवणी खानावळींत बरेचदा दुपार ते संध्याकाळ चूल थंड असते. बॅलार्ड इस्टेटचं १९२३ सालचं ब्रिटानिया मला फार आवडतं, बेरी पुलाव खायलाच हवा. पण ते दुपारी वेळेत जाण्याचं ठिकाण.

मावशी असताना माशांच्या खानावळीत नेऊ नका. सोलकढी-भात पुढ्यात घेऊन त्या “मला भूक नाहीच” म्हणत बसतील. मी असतो तर माटुंगा गाठलं असतं. स्टेशनाजवळचं रामा नायक यांचं उडुपी १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर जेवण. फक्त ते पहिल्या मजल्यावर आहे, म्हाताऱ्यांचे गुडघे विचारात घ्या. कॅफे मद्रासला रविवारी रांग, नऊजण एकत्र बसणं विसरा. (माझा कुठल्याच हॉटेलाशी संबंध नाही. चवीबद्दल भांडायचं असेल तर भांडा. वेळा मात्र स्वतः विचारून घ्या, त्या बदलतात.)

जाता जाता: मोठ्या हॉटेलात गेलात आणि बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तो आपोआप लावायला मनाई केली आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती मनाई उचलून धरली. मॅनेजर हुज्जत घालू लागला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि हो, लोकलने जाणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉक बघून ठेवा. मध्य रेल्वेचा ब्लॉक पुष्कळदा नेमका माटुंग्यापासूनच असतो.