कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारतोय, इलेक्ट्रिक मोटरसायकलचं मार्केटिंग तरुण पोरांसाठी कसं करावं? आमचे सर म्हणतात, गावाकडच्या पोरांना टेक्नॉलॉजी कळत नाही, फक्त आवाज आणि स्टाईल लागते, हे खरं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोच वाचून लिहायला बसलोय. खोटं आहे. साफ खोटं. हेच वाक्य शोरूमला असताना कंपनीच्या एरिया मॅनेजरच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुठे दिसलं की डोकं तापतं.

मी नंदुरबार जिल्ह्यातला. टू-व्हीलरच्या धंद्यात बरीच वर्षं काढली, आधी पेट्रोलच्या गाड्या विकल्या, नंतर एका इलेक्ट्रिक मोटरसायकलच्या डीलरकडे सेल्स बघायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आमच्याकडचं पोरगं मिसरूड फुटायच्या आधीपासून विहिरीवरची मोटर सांभाळतं. रात्रीची लाईट असली की बापाबरोबर बॅटरी घेऊन शेतात जातं, स्टार्टरचा रिले ट्रिप झाला तर कव्हर उघडून रिसेट करतं, एक फेज उडाली तर मोटरच्या घरघरीवरून ओळखतं, मोबाईलवरून चालू होणारा ऑटो स्टार्टर कुणाला न विचारता बसवतं. वाइंडिंग जळाल्याचा वास त्याला झोपेतही कळेल, कारण त्या वासापायी घरातले किती पैसे गेले ते त्यानं बघितलेलं असतं. आणि इलेक्ट्रिक मोटरसायकल म्हणजे शेवटी काय, मोटर, तिला किती करंट द्यायचा ते ठरवणारा कंट्रोलर, आणि बॅटरी. हे पोरगं त्या गाडीच्या जितकं जवळ आहे तितका पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसून जाहिरात लिहिणारा नाही.

आता सारंगखेड्याचं सांगतो. शहादा तालुक्यात तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते, दत्तजयंतीला, घोडेबाजार मोठा, लांबलांबून लोक येतात. मीच डीलरच्या मागे लागून तिथे स्टॉल घ्यायला लावला होता. कंपनीचे एरिया मॅनेजर साहेब आले आणि सगळं त्यांच्या पद्धतीनं मांडलं. गाडी स्टँडवर उभी, भोवती दोरी, वर फ्लेक्स 'फ्यूचर इज हिअर', बाजूला स्पीकर आणि स्पीकरवर सायलेन्सरचा आवाज. 2019 ला रिव्होल्ट कंपनीची आरव्ही 400 ही इलेक्ट्रिक मोटरसायकल आली तेव्हा तिच्यात ॲपवरून आवाज निवडायची सोय होती, तिथून साहेबांच्या डोक्यात बसलं होतं की पोरांना गाडी नको, आवाज पाहिजे. टेस्ट राईड बंद, गर्दीत गाडीला ओरखडा आला तर ब्रँड इमेज जाते म्हणे.

मी म्हटलं साहेब, जरा तिकडे बघा. घोडा घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, खूर उचलून बघतो, मग चालवून, पळवून बघतो आणि त्यानंतर रुमालाखाली भाव बोलतो. इथे दोरीच्या आत उभं करून काहीच विकलं जात नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही गाडी पुसा, मार्केटिंग आम्ही करतो." वयानं माझ्यापेक्षा किती लहान होते ते जाऊ द्या.

दुपारी साहेब जेवायला गेले. आयटीआयचा शर्ट घातलेलं एक पोरगं दोरीपाशी कधीचं उभं होतं, सोबत बाप, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. पोरानं विचारलं, "भाऊ, मोटर चाकमा शे का मझार बसाडेल शे?" म्हणजे आमच्या अहिराणीत, मोटर चाकात आहे का मध्ये बसवलीय. मी दोरी सोडली. एलन की घेतली आणि बाजूचं पॅनल सरळ उघडून दाखवलं, ही मोटर, हा कंट्रोलर, ही जाड केबल बॅटरीतून येते. बघता बघता पंधरा-वीस पोरं जमली आणि प्रश्न काय एकेक! कंट्रोलरला पाणी लागलं तर काय, सेल कोणते, एलएफपी का एनएमसी (लिथियम सेलचे दोन प्रकार), एक सेल गेला तर पूर्ण बॅटरी बदलायची का, चढावर तिघं बसले तर अँपिअर किती ओढेल. काही प्रश्नांची उत्तरं कंपनीनं दिलेल्या माहितीपत्रकात नव्हतीच, त्यात मावळत्या सूर्याचा फोटो होता. बापाचा प्रश्न एकच, "इहिरनी मोटर जयी जास, तशी ही बी जयनी तं?" म्हणजे विहिरीची मोटर जळते तशी ही पण जळाली तर? मी तोंड उघडायच्या आधी पोरगंच बोललं, "बाबा, यामा सेन्सर शे, गरम व्हयनी का आपोआप करंट कमी करस." बरोबर सांगितलं त्यानं. तापमान वाढलं की कंट्रोलर स्वतःच पॉवर कमी करतो, विहिरीच्या मोटरीसारखं गुपचूप जळत बसत नाही.

मग मी गाडी बाहेर काढली, त्याला चालवायला दिली, बापाला मागे बसवलं. रस्त्यावर जाऊन आले. स्पीकर तोवर मी बंद केलेला होता आणि एकानंही आवाज कुठेय म्हणून विचारलं नाही, सगळे म्हणत होते गाडीचा उठाव, म्हणजे पिकअप, काय आहे. साहेब परत आले ते सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर ओरडले. पण त्या यात्रेतून ज्यांनी खरंच गाड्या नेल्या त्यातले जवळजवळ सगळे त्या दुपारच्या घोळक्यातले होते, हे डीलरच्या रजिस्टरला आहे, साहेबांच्या रिपोर्टमध्ये मात्र 'फ्लेक्स आणि साउंड ॲक्टिव्हिटीला चांगला प्रतिसाद' असं गेलं.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच की पॅनल उघडा आणि गाडी हातात द्या. पर्यावरण, ग्रीन, भविष्य हे शब्द पोस्टरवरून काढून टाका. रेंज खरी सांगा. आरव्ही 400 ला कंपनी इको मोडला 150, नॉर्मलला 100 आणि स्पोर्टला 80 किलोमीटर सांगायची, आणि इको म्हणजे ताशी 45 चा स्पीड. पोस्टरवर मात्र मोठ्या अक्षरात पहिला आकडा येतो. पोरगं गाडी नेतं, डबलसीट हायवेला लागतं, आकडा निम्मा होतो, आणि मग ते सगळ्या गावाला सांगत सुटतं. खोट्या आकड्यानं गाव हातचं जातं. चार युनिटच्या आसपास विजेत शंभर किलोमीटर म्हणजे तीस-चाळीस रुपये, पेट्रोलच्या गाडीला तेवढ्यालाच दोनशेच्या वर, हा हिशोब बापासमोर कागदावर मांडा. कारण गाडी पोरगं पसंत करतं पण पैसे कापसाचे नाहीतर केळीचे असतात, आणि बाप विचारणार की पाच वर्षांनी विकायला काढली तर काय येईल. त्याचं उत्तर कंपनीनं बायबॅक, म्हणजे गाडी परत विकत घेण्याची हमी, लिहून द्यावं, दुसरं उत्तर नाही.

तरुणांसाठी म्हणून महाग गाडी काढणाऱ्यांचं काय होतं ते अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसननं दाखवलंय. म्हाताऱ्या होत चाललेल्या गिऱ्हाइकांच्या जागी नवी पिढी यावी म्हणून 2019 ला लाईव्हवायर ही इलेक्ट्रिक मोटरसायकल आणली, किंमत 29,799 डॉलर. कुठल्या पंचविशीतल्या पोराकडे असतात? पुढे 2021 ला तिचा वेगळा ब्रँड केला, तरी 2023 आणि 2024 मध्ये वर्षाला हजार गाड्यासुद्धा गेल्या नाहीत. आणि तिथल्या साहेबांची बुद्धी आमच्या साहेबांपेक्षा नक्कीच कमी नसणार.

अजून एक, अर्थिंग. यावर कुणी बोलत नाही. गावातल्या निम्म्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. काही चार्जर मग चालूच होत नाहीत, काही चालू होतात आणि बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, दोन्हीत गाडीचं नाव खराब. डिलिव्हरीच्या आधी वायरमन पाठवून खड्डा करा, कोळसा-मीठ घाला, 15 अँपिअरचं सॉकेट बसवून द्या. माझ्या मते लाखभराच्या फ्लेक्सपेक्षा याचा गावात जास्त बोलबाला होतो. जळगाव-धुळ्याला रूम करून राहणाऱ्या पोरांना तर काढता येणारी बॅटरीच दाखवा, घरमालक खाली पॉइंट देत नाही.

आता हेही सांगायला पाहिजे की मी ती नोकरी सोडली आहे आणि मधे बरंच बदललंय. इलेक्ट्रिक गाड्यांवरची केंद्र सरकारची फेम-2 ची सबसिडी मार्च 2024 ला संपली, नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत त्यापेक्षा कमी मिळायला लागली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्यामुळे आता बापाला पटवणं जड जाणार. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो, तेव्हा उन्हातून आल्याआल्या गाडी चार्जिंगला लावू नका, सावलीत थंड होऊ द्या, हे विकतानाच सांगा. आणि ज्याला रोज नंदुरबार-सुरत करायचंय त्याला सरळ सांगा की तू पेट्रोलचीच घे. एवढं खरं बोललात तर तोच चार मित्र पाठवतो.

तुम्ही प्रश्नात कॉलेजचा प्रोजेक्ट म्हटलंय म्हणून सांगतो, सर्वे ऑनलाइन फॉर्मवर करू नका. शहादा नाहीतर चोपड्याला या, मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानासमोर एक संध्याकाळ उभे रहा, तिथे बसलेल्या पोरांना टॉर्क आणि अँपिअरबद्दल विचारा. आणि तुमचे सर पुन्हा म्हणाले की गावाकडे टेक्नॉलॉजी कळत नाही, तर त्यांनाही सोबत आणा.