सासूबाईंचं इंजेक्शन आणि जिममधलं 'डेका'

प्रश्न: डॉक्टर, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकरवर चालतात पण वजन फार उतरलंय. दर तीन आठवड्यांनी ५० एमजी नॅन्ड्रोलोनचं इंजेक्शन लिहून दिलंय. खोक्यावर 'ॲनाबॉलिक स्टिरॉईड' वाचून शेजारच्या काकू म्हणतात बंद करा, हाडं ठिसूळ होतील. आणि माझा २१ वर्षांचा मुलगा म्हणतो, हे तर 'डेका', जिममध्ये हेच घेतात, उरलं तर मला दे! काय करू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, काकूंचा घोळ नेहमीचाच आहे. हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं ते स्टिरॉईड म्हणजे प्रेडनिसोलोन वगैरे, दम्याला, संधिवाताला देतात ते. आडनाव एक, घराणं वेगळं. नॅन्ड्रोलोन हे टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे पुरुषी हार्मोनच्या, रेणूतला एक कार्बन कमी करून बनवलंय, हेतू हा की स्नायू भरावेत पण पुरुषी लक्षणं कमी यावीत. कमी, शून्य नाही! किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन वाढवायला १९८९ च्या आधी, म्हणजे एरिथ्रोपोएटिन हे रक्त वाढवणारं इंजेक्शन यायच्या आधी, हेच वापरायचे.

औषध तेलात विरघळवलेलं असतं म्हणून हळूहळू रक्तात उतरतं, तीन आठवड्यांचं अंतर त्याचसाठी. काही ब्रँडमध्ये ते तेल चक्क शेंगदाण्याचं असतं, तेव्हा ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

आता माझं मत. ठिसूळ हाडांसाठी आज याहून चांगली औषधं आहेत, वर्षातून एकदा द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईनसुद्धा आहे, त्याबद्दल ऑर्थोपेडिकना जरूर विचारा. अंगात ताकद यावी म्हणून थोडे डोस दिले तर मी भांडणार नाही, पण प्रोटीन आणि फिजिओथेरपी नसेल तर नुसत्या सुईने काही होत नाही. ऑपरेशननंतर वॉरफरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हे इंजेक्शन तिचा जोर वाढवतं, मग आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, लवकर तपासावं लागतं. डायबिटीसच्या गोळ्या असतील तर शुगर खाली जाऊ शकते. लिव्हरचा त्रास किंवा ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल तर तेही लपवू नका.

आणि आवाजाकडे लक्ष ठेवा. माझ्याकडे भजनी मंडळातल्या एक आजी यायच्या, काळी चार पट्टीत गाणाऱ्या, हे इंजेक्शन चालू होतं आणि एक दिवस म्हणाल्या, "अहो, वरचा सा लागतच नाही." सर्दी समजून त्यांनी दोन महिने काढलेले. आवाज एकदा घोगरा झाला की पुष्कळदा परत येत नाही, म्हणून घोगरेपणा किंवा हनुवटीवर राठ केस दिसले तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा.

राहता राहिले चिरंजीव. पहिलं म्हणजे यात उरणारं काही नसतंच, ॲम्प्युलची मान मोडली की एका वेळेला संपली. बाहेरून असं टेस्टोस्टेरॉनसारखं औषध मिळालं की शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं बंद करतं, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात आणि गाडी रुळावर यायला कित्येक महिने जातात. कबड्डी वगैरे खेळत असेल तर डोपिंगच्या तपासणीत याच्या खुणा लघवीत वर्षभरसुद्धा सापडतात. पण मला खटकलं ते वेगळंच, २१ वर्षांचा मुलगा 'डेका' हे ब्रँडचं नावसुद्धा ओळखतो म्हणजे ओळख जुनी असणार. ओरडू नका, विचारा, आणि घेतलं असेल तर लिपिड, लिव्हर आणि टेस्टोस्टेरॉनचे रिपोर्ट करून त्याला माझ्याकडे एकट्याला पाठवा, तुम्ही बाहेर बसा.