जुनी ३० टीबीची एसएसडी घ्यायच्या आधी

अरे, १५.३६ किंवा ३०.७२ टीबीच्या सेकंडहँड एसएसडी ढिगाने मिळतील या भ्रमात राहू नकोस. ३.८४ च्या मिळतात म्हणा. बडे डेटा सेंटरवाले डेटा बाहेर जाईल या धास्तीने जुने ड्राइव्ह विकण्याऐवजी बरेचदा थेट श्रेडरमध्ये घालतात. उरतात ते थोडे, आणि विकणारा भाव सोडत नाही.

दिसलाच तर आधी आकार बघ. यू.२ (सर्व्हरमधला अडीच इंची ड्राइव्ह) असेल तर साध्या अडॅप्टरवर मदरबोर्डच्या पीसीआयई स्लॉटला लागतो. ई१.एल हा दुसरा सर्व्हरचा आकार म्हणजे फूटभर लांब पट्टी, घरच्या कॅबिनेटला निरुपयोगी. कंपन्यांच्या अनेक ड्राइव्हच्या स्टोरेज अ‍ॅरेतून काढलेला एसएएस (सर्व्हरची वेगळी जोडणी) ड्राइव्ह नेहमीच्या ५१२ ऐवजी ५२० बाइट सेक्टरचा, म्हणजे डेटाच्या वेगळ्या मापाच्या कप्प्यांचा, निघू शकतो. मी असाच एक घेतला, विंडोजमध्ये वापरताच येईना. कारण शोधून पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत रात्र गेली.

पैसे देण्याआधी स्मार्ट रिपोर्टचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो तिचा, फोटो माग. त्यातला 'पर्सेंटेज यूज्ड' (ठरलेल्या आयुष्यापैकी किती टक्के झिजला) १०० च्या पुढेही जातो. १०० म्हणजे ड्राइव्ह मेला असं नाही, पण घासाघीस करायला बरं. इंटेलच्या पी५३१६ सारख्या क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) ड्राइव्हवर ६४ केबीपेक्षा लहान तुकडे सारखे लिहिलेस तर तो लवकर झिजतो. फायली साठवून ठेवायला मात्र झकास. आणि समोर पंखा लावच. बिनपंख्याचा चालता यू.२ हाताला चटका देतो.