गीझर नाही, वायरिंग तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्याच्या घरी २३० व्होल्ट, २००० वॅटचा गीझर. वायरमनने गीझरच्या टर्मिनलवर मोजलं, तर बंद असताना २२८ व्होल्ट, चालू केल्यावर २१० व्होल्ट आणि ७.९ अँपिअर. गुणाकार येतो १६५९ वॅट. मग गीझर बदलायचा का?

नाही. आधी रोध काढा. छापील आकड्यांवरून तो २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. तुमच्या मोजणीवरून २१० भागिले ७.९, म्हणजे २६.६ ओहम. दोन्ही जवळपास सारखेच, म्हणजे कॉइल शाबूत आहे. २००० वॅट हा आकडा फक्त २३० व्होल्टला खरा. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, म्हणून पॉवर वर्गाच्या हिशेबाने पडते: व्होल्टेज ९ टक्के कमी, पॉवर १७ टक्के कमी. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १८ मिनिटांऐवजी २२ मिनिटं लागतील, एवढंच.

मला काळजी वाटते ती त्या १८ व्होल्टची. बंद असताना २२८ आणि चालू झाल्यावर २१०, मग मधले १८ व्होल्ट गेले कुठे? वाटेतल्या वायरीत आणि जोडांत. १८ भागिले ७.९, म्हणजे तिथे सुमारे २.३ ओहम रोध बसला आहे. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) बाथरूमपर्यंत १५ मीटर अंतर धरलं, तर २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.२ ओहम भरतो. त्यात दीड-दोन व्होल्टच पडायला हवेत. उरलेला रोध एखाद्या ढिल्या किंवा गंजलेल्या जोडात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. खाडीजवळच्या खारट, दमट हवेत पितळी टर्मिनल हिरवी पडलेली मी बऱ्याच घरांत पाहिली आहेत.

आता १८ गुणिले ७.९ करा. १४२ वॅट! साधं सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग द्यायचं तापतं हत्यार, २५ वॅटचं असतं. एवढी उष्णता प्लास्टिकच्या सॉकेटमागे एकाच स्क्रूपाशी निघत असेल, तर आग लागू शकते. एमसीबी (जादा करंट आला की पडणारा स्विच) पडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तो करंट बघतो आणि ७.९ अँपिअर त्याच्या दृष्टीने अगदी नेहमीचा. आरसीसीबीलाही (गळणारा करंट पकडणाऱ्या स्विचलाही) यातलं काही कळणार नाही, कारण करंट कुठे गळत नाहीये.

तेव्हा गीझर आजपासून बंद ठेवा. वायरमनला बोलावून, गीझर मिनिटभरच चालू करून, डीबीत व्होल्टेज मोजायला सांगा. तिथे २२६-२२७ मिळाले तर दोष घरातच: मेन बंद करून सॉकेट, प्लग, स्विच आणि न्यूट्रलचा जोड उघडून बघायचा. न्यूट्रल हमखास विसरला जातो. काळवंडलेलं टोक कापून नवीन काढावं, नुसता स्क्रू आवळून भागत नाही. डीबीतही २१० च असतील तर दोष मीटर रूमकडे किंवा त्याही मागे आहे. सोसायटीला कळवा आणि महावितरणकडे तक्रार नोंदवा.

एक लक्षात असू द्या, हा सरळ गुणाकार-भागाकार गीझर, इस्त्री, शेगडी यांनाच चालतो. पंखा किंवा फ्रिजला पॉवर फॅक्टर आडवा येतो, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर हे खऱ्या वॅटपेक्षा जास्त भरतं.

जोड दुरुस्त झाला की बंद-चालू दोन्ही व्होल्टेज पुन्हा मोजून इथे टाका. फरक दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अजून एखादा जोड शिल्लक आहे असं समजा.