दुसरीतली मुलगी मराठी धडा घडाघडा वाचते, पण अर्थ विचारला की गप्प. काय करावे?

काळजी करू नका, पण तेवढ्या घडाघडा वाचण्यावर समाधानही मानू नका. अक्षरे जुळवून वाचणे आणि मजकूर समजणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये हेच मांडले: समजून वाचायला दोन्ही लागतात, एक शून्य असेल तर दुसरे वाया.

आपल्याकडे गोव्यात घरात कोंकणी आणि पुस्तकात मराठी, असे बऱ्याच मुलांचे असते. म्हणून मुलीने गोष्टीचे उत्तर कोंकणीत दिले तर खुशाल देऊ द्या. तिला समजले की नाही एवढेच पाहायचे आहे, तिथे भाषा सुधारत बसू नका.

आठ-दहा ओळींची गोष्ट घ्या. "मुलीचे नाव काय?" असले प्रश्न कमी करा, त्यांची उत्तरे ओळीतून उचलता येतात. समजा, गोष्टीत आहे: ‘राधाने ओली छत्री दाराशी ठेवली आणि आजीने लगेच टॉवेल आणला.’ आता विचारा, बाहेर काय चालले असेल? आजीने टॉवेल का आणला? पावसाचा उल्लेख कुठेच नाही, तो मुलीने स्वतः शोधायचा आहे. खरे वाचन इथे सुरू होते. उत्तर आले की "कशावरून?" हे जरूर विचारा आणि तिला त्या ओळीवर बोट ठेवू द्या.

तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचायला हरकत नाही, उलट चांगलेच. नवी पुस्तके हवी असतील तर पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तिला घेऊन जा आणि पुस्तक तिलाच निवडू द्या.