फॉरेक्समधील करिअर: मोबाईलवरील ॲप आणि बँकेची डीलिंग रूम

सप्रेम नमस्कार,

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला आपला मुलगा 'फॉरेक्समध्येच (परकीय चलनाच्या व्यवहारांत) करिअर करणार' म्हणतो आणि एका परदेशी ट्रेडिंग ॲपसाठी दहा हजार रुपये मागतो, असे आपण निफाडहून कळवले आहे. हे क्षेत्र खरे की फसवे, असा आपला प्रश्न आहे. क्षेत्र खरे आहे. ते ॲप त्या क्षेत्राचा भाग नाही.

भारतात परकीय चलनाची मुख्य उलाढाल रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकांमध्ये होते, आणि तिच्या मुळाशी कोणाची तरी खरी देणी-घेणी असतात. आपल्याकडची द्राक्षे नेदरलँड्सला पाठवणाऱ्या निर्यातदाराला तीन महिन्यांनी एक लाख युरो मिळायचे असतील आणि तोवर युरो दोन रुपयांनी उतरला, तर बागेत काहीही न बिघडता त्याचे दोन लाख रुपये जातात. म्हणून तो बँकेशी फॉरवर्ड करार करून दर आजच बांधून घेतो (युरो चढला तर होणारा फायदाही त्यामुळे सुटतो, हे पुष्कळांना नंतर आठवते). बँकेच्या डीलिंग रूममध्ये चलनाची खरेदी-विक्री करणारा डीलर ती जोखीम ठरवून दिलेल्या मर्यादेत आंतरबँक बाजारात उतरवतो, मिड-ऑफिस त्या मर्यादेवर लक्ष ठेवते आणि बॅक-ऑफिस पैसे पोहोचल्याची खात्री करते. हे शेवटचे काम मुलांना कारकुनी वाटते. पण 26 जून 1974 रोजी जर्मनीतील हेरस्टाट बँक बंद झाली तेव्हा समोरच्या बँकांनी मार्क (जर्मनीचे तेव्हाचे चलन) चुकते केले होते आणि न्यूयॉर्कमध्ये मिळायचे डॉलर मात्र अडकले. आज आपल्याकडे बँकांमधील डॉलर-रुपया व्यवहारांची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया घेते, ती याच जोखमीमुळे.

ॲपवर पाचशे पट लिव्हरेज (भरलेल्या रकमेच्या पाचशे पट सौदा करण्याची मुभा) मिळाल्यास दहा हजारांवर पन्नास लाखांचा सौदा उभा राहतो आणि दर 0.2 टक्के विरुद्ध गेला की मुद्दल संपते. शिवाय अनधिकृत मंचावर असे सौदे करणे 'फेमा'चे (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे) उल्लंघन आहे. शेअर बाजारातील रुपयाच्या चलन करारांसाठीही प्रत्यक्ष देणी-घेणी असावी लागतात, हे रिझर्व्ह बँकेने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

मुलाने पदवी पूर्ण करून बँकभरती, एम.बी.ए. किंवा सी.ए. यांपैकी एक वाट धरावी. निर्यातदार कंपनीच्या लेखा विभागातील उमेदवारी मला सर्वांत उपयुक्त वाटते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचा परकीय चलन व्यवहारांवरील प्रमाणपत्र अभ्यासक्रम बँकेत लागल्यावर करता येईल.

ॲपचे नाव आपण लिहिलेले नाही. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील अनधिकृत मंचांच्या यादीत ते पाहावे. यादीत नसले तरी तेवढ्याने ते अधिकृत ठरत नाही.